ऊर्जा लेखापरीक्षकाला घर दाखवण्यापूर्वी : तिरुवल्लिकेणीच्या जुन्या घरांमधील तयारी

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यालगत वसलेल्या तिरुवल्लिकेणी या जुन्या वस्तीत एप्रिल महिना सुरू झाला की घरोघरचे पंखे रात्रंदिवस फिरू लागतात. मे महिन्यातील ‘अग्नी नक्षत्रम्’ या कडक उन्हाळ्याच्या दिवसांत तर पंख्याचा वाराही गरम वाटतो. ३१ मे २००३ रोजी चेन्नईतील नुंगंबाक्कम् येथे ४५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. अशा हवामानात विजेचे बिल वाढणे स्वाभाविक आहे. परंतु वाढलेल्या बिलातील किती वीज खरोखर गारव्यासाठी खर्च झाली आणि किती वाया गेली, हे बहुतेक कुटुंबांना सांगता येत नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या पद्धतीला गृह ऊर्जा लेखापरीक्षण असे म्हणतात. हे परीक्षण उपयुक्त ठरावे यासाठी घरातील मंडळींनी आधी काही तयारी करणे आवश्यक असते.

ही तयारी म्हणजे घराची झाडलोट अथवा सजावट नव्हे. लेखापरीक्षक घरात दोन-तीन तास थांबतो. घर मात्र दिवसाचे चोवीस तास आणि वर्षाचे सर्व ऋतू वीज वापरत असते. परीक्षकाला प्रत्यक्ष न दिसणारे हे तास त्याच्यासमोर कागदपत्रांच्या आणि खऱ्या माहितीच्या रूपाने मांडणे, हाच या तयारीचा गाभा आहे.

लेखापरीक्षण म्हणजे काय?

केंद्र शासनाने २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा केला. या कायद्यान्वये १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची स्थापना करण्यात आली. अधिक ऊर्जा वापरणाऱ्या निर्दिष्ट उद्योगांना ऊर्जा लेखापरीक्षण करून घेणे या कायद्याने बंधनकारक केले. सामान्य घरांवर अशी सक्ती नाही. त्यामुळे घराचे परीक्षण ही कुटुंबाने स्वेच्छेने करून घ्यावयाची गोष्ट आहे. निवासी इमारतींच्या बांधणीसाठी ब्यूरोने २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. मात्र तिचा रोख प्रामुख्याने नव्या बांधकामांवर आहे. जुन्या घरांना आपला हिशोब आपणच तपासून घ्यावा लागतो.

परीक्षक सर्वप्रथम विजेची बिले अभ्यासतो. त्यानंतर तो प्रत्येक उपकरणाचा वीजवापर मोजतो, भिंती व छताचे तापमान पाहतो, प्रकाश आणि वायुवीजन तपासतो आणि अखेरीस सुधारणांची यादी देतो. तारेभोवती चिमट्याप्रमाणे लावून प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर, भिंतीला स्पर्श न करता तापमान सांगणारा अवरक्त तापमापक आणि प्रकाशाची तीव्रता मोजणारा लक्समापक ही त्याची नेहमीची साधने होत. युरोप आणि अमेरिकेत घरातील उष्णता बाहेर जाऊ नये यासाठी दारे-खिडक्यांच्या फटी शोधण्यावर भर असतो. चेन्नईचे हवामान उष्ण व दमट असल्याने येथील प्रश्न नेमका उलटा आहे. येथे बाहेरची उष्णता आत येऊ न देणे आणि आतील दमट हवा खेळती ठेवणे महत्त्वाचे ठरते. वातानुकूलित खोलीच्या बाबतीत मात्र फटी बुजवण्याचा नियम येथेही लागू पडतो.

वस्तीचे स्वरूप

तिरुवल्लिकेणी हे नाव तमिळ भाषेतील तिरु, अल्लि आणि केणि या शब्दांपासून बनले असून ‘कुमुदांचे पवित्र तळे’ असा त्याचा अर्थ होतो. इंग्रजी अमदानीत त्याचा उच्चार ट्रिप्लिकेन असा झाला. पार्थसारथी मंदिराभोवतीच्या या वस्तीत महाकवी सुब्रह्मण्य भारती यांनी अखेरची वर्षे व्यतीत केली आणि १९२१ मध्ये येथेच त्यांचे निधन झाले. ‘द हिंदू’ हे वृत्तपत्र १८७८ मध्ये याच वस्तीतील तरुणांच्या पुढाकाराने निघाले.

येथील जुनी घरे रस्त्याच्या बाजूने अरुंद आणि आत लांबवर गेलेली असतात. दर्शनी भागात ‘तिण्णै’ म्हणजे ओटा, मध्यभागी ‘मुट्रम्’ म्हणजे चौक आणि मागे विहीर अथवा परसू, अशी त्यांची पारंपरिक रचना होती. महाराष्ट्रातील वाड्यांशी परिचय असलेल्यांना ही रचना परकी वाटणार नाही. दोन शेजारी घरांची भिंत बहुधा एकमेकींना लागून असते. याचा ऊर्जेच्या दृष्टीने मोठा परिणाम होतो. बाजूच्या भिंतींवर ऊन पडत नाही. त्यामुळे उष्णता मुख्यत्वे छतातून आणि पुढच्या-मागच्या भिंतींतून आत येते. दुसरीकडे, बाजूने खिडक्या नसल्याने हवा आणि उजेड यांसाठी घराला चौकावरच अवलंबून राहावे लागते. जागेच्या गरजेपोटी अनेक ठिकाणी असे चौक पत्रा किंवा स्लॅब टाकून बंद करण्यात आले. जेथे चौक बंद झाला, तेथे दिवसाही दिवे लावावे लागतात आणि पंखे अधिक काळ चालतात. म्हणून घरात पूर्वी कोणते बदल झाले, कोणती खिडकी बुजवली आणि कोणता मजला नंतर चढवला, याची टिपणे परीक्षकाला अवश्य द्यावीत.

पहिले काम : बिलांची जुळवाजुळव

तमिळनाडूमध्ये घरगुती विजेचे बिल दर दोन महिन्यांनी आकारले जाते. त्यामुळे वर्षभराचे चित्र दिसण्यासाठी किमान सहा आणि शक्य असल्यास बारा बिले एकत्र करावीत. महाराष्ट्रात बिल दरमहा येत असल्याने तेथे बारा ते चोवीस बिले लागतील. केवळ रकमेकडे पाहून निष्कर्ष काढू नये. कारण दर बदलले की वापर तेवढाच राहूनही रक्कम वाढते. बिलावरील युनिट आणि मीटर-वाचनाची तारीख या दोन बाबी वेगळ्या कागदावर उतरवून घ्याव्यात. दोन वाचनांमधील दिवस नेहमी सारखे नसतात. म्हणून युनिटना दिवसांनी भागून दररोजचा सरासरी वापर काढणे अधिक योग्य ठरते.

ही सरासरी सहा बिलांसाठी मांडली की घराचा स्वभाव ध्यानात येतो. वर्षातील सर्वांत कमी वापराचा कालावधी, जो चेन्नईत साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत येतो, हा घराचा पायाभूत वापर समजावा. शीतकपाट, पाण्याची मोटार, दिवे आणि दूरचित्रवाणी संच यांचा हा खर्च बाराही महिने होत असतो. उन्हाळ्यातील वापर या पातळीच्या जितका वर असेल, तितका भाग पंखे आणि वातानुकूलन यंत्राचा असल्याचे मानता येते. पायाभूत वापरच मोठा असेल तर वातानुकूलन यंत्राला दोष देऊन उपयोग नाही.

घरातील ऊर्जा म्हणजे केवळ वीज नव्हे. स्वयंपाकाच्या गॅसच्या १४.२ किलोग्रॅमच्या एका टाकीत सुमारे १८० युनिट विजेइतकी उष्णता साठलेली असते. टाकी बदलल्याच्या तारखाही कागदावर नोंदवाव्यात.

टप्प्यांचा हिशोब

विजेचे दर टप्प्यांनुसार आकारले जात असल्याने काही युनिटची बचतही कधी कधी मोठी ठरते. तमिळनाडूत सप्टेंबर २०२२ मध्ये लागू झालेल्या दरपत्रकाचे उदाहरण घेता येईल. त्यानुसार दोन महिन्यांत ५०० युनिटपर्यंत वीज वापरणाऱ्या घराला पहिली १०० युनिट विनामूल्य, पुढील १०० युनिट प्रत्येकी २ रुपये २५ पैसे, त्यापुढील २०० युनिट प्रत्येकी साडेचार रुपये आणि शेवटची १०० युनिट प्रत्येकी ६ रुपये अशी आकारणी होती. ५०० युनिटचे बिल १,७२५ रुपये होत असे. मात्र वापर ५०० च्या पुढे जाताच १०१ व्या युनिटपासून साडेचार रुपयांचा दर लागू होई आणि ५०० वरील युनिटसाठी ८ रुपये द्यावे लागत. परिणामी ५१० युनिट वापरणाऱ्या घराचे बिल २,०३० रुपयांवर जाई. म्हणजे अवघ्या १० युनिटसाठी ३०५ रुपये अधिक मोजावे लागत.

त्यानंतर दरांमध्ये फेरबदल होत आले आहेत. त्यामुळे प्रत्येक कुटुंबाने आपल्या ताज्या बिलावरील दर पाहूनच हिशोब करावा. परीक्षणापूर्वी आपले घर कोणत्या टप्प्यात आणि त्या टप्प्याच्या सीमेपासून किती दूर आहे, हे माहीत असल्यास परीक्षकाकडून नेमका सल्ला मागता येतो.

उपकरणांची यादी आणि वापराचे तास

दुसरे महत्त्वाचे काम म्हणजे उपकरणांची यादी. प्रत्येक खोलीतील दिवे, पंखे आणि अन्य उपकरणे, त्यांच्यावर छापलेले वॅट, खरेदीचे वर्ष आणि दररोजच्या वापराचे तास अशा चार रकान्यांत ती तयार करावी. यांपैकी पहिले तीन रकाने परीक्षक स्वतः भरू शकतो. चौथा रकाना केवळ घरातील माणसेच भरू शकतात आणि हिशोबातील बहुतेक चुका तेथेच होतात. त्यामुळे अंदाजाने आकडे न लिहिता किमान एक आठवडा प्रत्यक्ष नोंद ठेवणे इष्ट ठरते. आजी-आजोबा दुपारी कोणत्या खोलीत विश्रांती घेतात, रात्रपाळीहून येणारा सदस्य दिवसा पंखा लावून झोपतो काय, इडली-दोशाचे पीठ वाटणारा ग्राइंडर आठवड्यातून किती वेळा आणि किती वेळ चालतो, या साध्या नोंदींतूनच हिशोब खरा होतो.

हिशोबाची रीत सोपी आहे. वॅटना तासांनी गुणून आलेल्या संख्येला १,००० ने भागले की युनिट मिळतात. ७५ वॅटचा जुना छताचा पंखा दररोज १६ तास चालल्यास १.२ युनिट आणि ६० दिवसांत ७२ युनिट वीज वापरतो. ३० वॅटचा नवा बीएलडीसी पंखा तेवढेच तास चालून सुमारे २९ युनिट घेतो. दोहोंतील फरक ४३ युनिटचा आहे. चार पंख्यांच्या घरात हा फरक किती होईल, याची कल्पना वाचकांना करता येईल. छताच्या पंख्यांना तारांकित लेबल जानेवारी २०२३ पासून अनिवार्य करण्यात आले असल्याने नव्या खरेदीच्या वेळी तुलना करणे सोपे झाले आहे.

सतत जोडलेल्या उपकरणांकडे विशेष लक्ष द्यावे. केवळ १० वॅट घेणारा एखादा संच चोवीस तास चालू राहिला तर ६० दिवसांत १४ युनिटहून अधिक वीज खर्च होते. दूरचित्रवाणीचा सेट टॉप बॉक्स, इंटरनेटचा राउटर आणि इन्व्हर्टर यांचा उल्लेख यादीतून बहुधा राहून जातो. इन्व्हर्टरची बॅटरी किती वर्षांची आहे, हेही लिहावे. जुनी झालेली बॅटरी भारित ठेवण्यासाठी अधिक वीज लागते.

पाण्याची मोटार हा दुर्लक्षित राहणारा आणखी एक घटक होय. तळटाकीतील पाणी गच्चीवरील टाकीत चढवण्यासाठी ती रोज चालवावी लागते. १,००० लिटर पाणी १० मीटर उंच चढवण्यास सिद्धांततः जेमतेम ०.०३ युनिट ऊर्जा पुरेशी असते. प्रत्यक्षात मोटारीची अकार्यक्षमता आणि नळांमधील घर्षण यांमुळे त्याच्या कित्येक पट वीज लागते. मोटार किती मिनिटांत टाकी भरते आणि पूर्वी किती मिनिटांत भरत असे, ही माहिती परीक्षकाला मोलाची वाटेल. टाकी भरून पाणी गच्चीवर वाहत असेल तर पाणी आणि वीज दोन्ही वाया जातात.

मीटरची घरच्या घरी चाचणी

परीक्षक येण्यापूर्वी एक सोपी चाचणी घरीच करता येते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटसाठी तो किती वेळा लुकलुकतो, हे मीटरवर छापलेले असते. हा आकडा ३,२०० असेल आणि दिवा एका मिनिटात १० वेळा लुकलुकला, तर त्या वेळी घरात सुमारे १९० वॅट वीज वापरली जात आहे असे समजावे.

घरातील सर्व उपकरणे बंद करून, त्यांच्या पिना काढून आणि मुख्य स्विच चालू ठेवून हा दिवा पाहावा. सर्व बंद असूनही तो लुकलुकत राहिला तर एखादे उपकरण नजरेतून सुटले आहे अथवा तारांमधून गळती होत आहे, अशी शंका घेण्यास जागा आहे. एकाच इमारतीचे कालांतराने अनेक बिऱ्हाडांत विभाजन झालेल्या घरांत जिन्यातील दिवा किंवा शेजारच्या भागातील एखादा पंखा आपल्या मीटरवर जोडलेला आढळणे अशक्य नसते. चाचणीचा निष्कर्ष कागदावर लिहून ठेवावा. मीटरचे मोहोर लावलेले झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. गळतीची शंका असल्यास परवानाधारक वीजतंत्रीलाच बोलवावे.

घर आहे तसेच दाखवावे

पाहुणा येणार म्हणून घर नीटनेटके करण्याची आपली रीत आहे. लेखापरीक्षणाच्या बाबतीत मात्र ही रीत काहीशी अडचणीची ठरते. परीक्षणाच्या दिवशीच वातानुकूलन यंत्राची जाळी धुतली, शीतकपाटातील बर्फ काढला आणि एरवी १८ अंशांवर ठेवले जाणारे यंत्र २६ अंशांवर आणून ठेवले, तर अहवाल त्या एका दिवसाचा होईल. घराचा होणार नाही. शीतकपाट नेहमी भरलेले असेल तर भरलेलेच असू द्यावे. यंत्राची जाळी शेवटची केव्हा धुतली, हे प्रामाणिकपणे सांगावे.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या म्हणण्यानुसार वातानुकूलन यंत्राचे तापमान एका अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के विजेची बचत होते. जानेवारी २०२० पासून नव्या तारांकित यंत्रांमध्ये २४ अंश हे मूळ तापमान ठेवण्याचा नियमही करण्यात आला. परंतु घरात प्रत्यक्ष कोणते तापमान ठेवले जाते, हे समजले तरच हा सल्ला किती उपयोगी पडेल ते सांगता येते.

स्वच्छतेऐवजी परीक्षकाला वाट मोकळी करून देण्यावर भर द्यावा. मीटरफलक, मुख्य स्विच, मोटार, गिझर आणि शीतकपाटाची मागील बाजू येथवर त्याला सहज पोहोचता आले पाहिजे. मीटरसमोर उभी केलेली सायकल किंवा रचून ठेवलेले सामान आधीच हलवावे. माळ्यावर चढण्यासाठी शिडी आणि गच्चीची किल्ली तयार ठेवावी. गच्ची सामाईक असेल तर शेजाऱ्यांना पूर्वकल्पना द्यावी. स्वयंपाकघर अथवा देवघरात प्रवेशाविषयी घरात काही संकेत असल्यास ते परीक्षकाला आधीच सांगणे सोयीचे ठरते. घरातील दैनंदिन व्यवहार ज्यांना ठाऊक आहेत, अशी व्यक्ती परीक्षणाच्या वेळी उपस्थित असावी. अनेक कुटुंबांत बिल भरणारी व्यक्ती दिवसभर बाहेर असते आणि वीज प्रत्यक्ष कशी वापरली जाते, हे गृहिणीला अथवा घरातील ज्येष्ठांनाच माहीत असते.

छत आणि गच्ची

तिरुवल्लिकेणीतील जुन्या घरांचे छत ‘मद्रास टेरेस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचे असते. सागवानी तुळयांवर चपट्या विटा उभ्या कडेवर, तिरप्या ओळींत चुन्यामध्ये बसवल्या जात आणि वर विटांच्या तुकड्यांचा व चुन्याचा कोबा घातला जाई. अशा जाड छतामधून उष्णता सावकाश आत उतरते. मात्र दिवसभर तापलेले छत सूर्यास्तानंतरही कित्येक तास खोलीत उष्णता सोडत राहते. नंतरच्या काळात घातलेला पातळ काँक्रीटचा स्लॅब किंवा पत्रा त्याहून लवकर तापतो. या कारणास्तव उन्हाळ्यातील परीक्षण शक्यतो दुपारच्या वेळी ठेवावे आणि छताचे तापमान संध्याकाळीही मोजण्याची विनंती करावी. दुपारनंतर समुद्रावरून येणारे वारे घरात पोहोचतात की नाही, हेही त्याच वेळी तपासता येते.

उष्णता रोखण्याचा एक जुना दाखला याच वस्तीच्या समुद्राकडील बाजूस उभा आहे. अमेरिकेतील व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांनी १८४२ मध्ये येथे बर्फघर उभारले. अमेरिकेतील गोठलेल्या तलावांतून कापलेला बर्फ लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजाने मद्रासला आणला जाई आणि या इमारतीत साठवला जाई. पुढे यंत्राने बर्फ तयार होऊ लागल्यावर हा व्यापार संपुष्टात आला. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद यांनी येथे मुक्काम केला होता आणि आज ही वास्तू विवेकानंद इल्लम् म्हणून ओळखली जाते. वीज नसताना बर्फ टिकला तो उष्णतेची वाट अडवल्यामुळे. गच्चीला पांढरा रंग देणे, पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर घालणे, पश्चिमेकडील खिडकीवर बाहेरून सावली करणे या उपायांमागेही तेच तत्त्व आहे. पडदा खिडकीच्या आत लावण्यापेक्षा बाहेरची सावली अधिक गुणकारी असते. कारण ऊन काचेतून आत आल्यावर त्याची उष्णता आतच राहते.

गच्चीची तपासणी आणखी एका कारणासाठी उपयोगी आहे. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू केल्यापासून छतावरील सौर संचांबद्दल विचारणा होऊ लागली आहे. दाट वस्तीत शेजारच्या उंच इमारतींची सावली गच्चीवर दिवसातील किती वेळ पडते, याची नोंद कुटुंबाने आधीच ठेवावी. आधी अपव्यय थांबवला तर लहान संचावर भागते आणि खर्चही कमी होतो.

सुरक्षिततेचा प्रश्न

जुन्या घरांमध्ये विजेच्या बचतीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, सुरक्षिततेचा प्रश्न महत्त्वाचा आहे. काही दिवे आणि दोन पंखे एवढ्याच भाराचा विचार करून घातलेल्या तारांवर पुढे गिझर, ग्राइंडर आणि वातानुकूलन यंत्र यांचा भार पडतो. सैल झालेले जोड तापतात. त्यात वीज वाया जाते आणि आगीचा धोकाही निर्माण होतो. स्विचजवळ जळका वास येणे, बटण गरम लागणे, मोटार सुरू होताच दिवे मंद होणे, फ्यूज वारंवार जाणे आणि नळाला हात लावताच झिणझिण्या येणे ही लक्षणे घरातील मंडळींच्या अंगवळणी पडलेली असतात. ती परीक्षकाला न विसरता सांगावीत. झिणझिण्या येत असल्यास परीक्षणाची वाट न पाहता तो भाग तत्काळ बंद करून वीजतंत्रीला पाचारण करावे. गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण घरात आहे काय आणि भूसंपर्कन योग्य आहे काय, हे दोन प्रश्न प्रत्येक परीक्षणात विचारले गेले पाहिजेत.

भाडेकरूंची अडचण

नोकरी-शिक्षणासाठी चेन्नईत येणाऱ्या एकट्या तरुणांना निवारा देणाऱ्या ‘मॅन्शन’ नावाच्या निवासांसाठीही तिरुवल्लिकेणी प्रसिद्ध आहे. अशा निवासांत आणि भाड्याच्या घरांत एक वेगळीच अडचण उद्भवते. पंखा घरमालकाचा असतो आणि बिल भाडेकरू भरतो. त्यामुळे जुना पंखा बदलण्यात मालकाला लाभ दिसत नाही. जेथे वीज भाड्यातच समाविष्ट असते, तेथे भाडेकरूला काटकसरीचे कारण उरत नाही. म्हणून परीक्षणापूर्वी मालक आणि भाडेकरू यांनी एकत्र बसून कोणता खर्च कोणी करावयाचा, हे ठरवणे हितावह आहे. तारा, छत आणि मोटार यांच्या तपासणीसाठी मालकाची लेखी संमती घ्यावी. भाडेकरूने स्वतः घेतलेला पंखा किंवा दिवा घर सोडताना सोबत नेता येतो, हेही ध्यानात ठेवावे.

परीक्षकाची निवड आणि अहवाल

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या प्रमाणित परीक्षकास प्राधान्य द्यावे आणि त्याचे प्रमाणपत्र पाहण्यास संकोच करू नये. शुल्क, मोजमापांची यादी आणि अहवाल देण्याची मुदत आधीच लेखी ठरवावी. परीक्षण करणारी व्यक्ती उपकरणांची विक्रीही करीत असेल तर तिच्या शिफारशी दुसऱ्या जाणकाराकडून पडताळून घ्याव्यात. परीक्षक उपलब्ध नसल्यास वर सांगितलेली बिले, यादी आणि मीटरची चाचणी यांच्या आधारे कुटुंबाला स्वतःचे प्राथमिक परीक्षण करता येते.

अहवालात विनाखर्चाचे, अल्पखर्चाचे आणि मोठ्या गुंतवणुकीचे असे उपायांचे तीन गट असावेत आणि प्रत्येक उपायाचा खर्च किती काळात भरून निघेल, हे नमूद केलेले असावे. हा काळ प्रत्येक घरासाठी निराळा असतो. वर उल्लेखिलेल्या पंख्याची किंमत ३,००० रुपये धरली आणि वाचलेली युनिट ६ रुपये दराच्या टप्प्यातील असली, तर वर्षाला सुमारे १,५५५ रुपये वाचून दोन वर्षांच्या आत खर्च भरून निघतो. तीच युनिट २ रुपये २५ पैसे दराची असली तर पाच वर्षांहून अधिक काळ लागतो. शेजाऱ्याला लाभदायक ठरलेला उपाय आपल्यालाही तेवढाच लाभ देईल असे नाही, ते यामुळेच.

पैशांच्या हिशोबात प्रकृतीचा हिशोब विसरला जाऊ नये. दमट उकाड्यात वृद्ध आणि लहान मुलांना पंख्याचा वारा मिळणे ही चैन नसून गरज आहे. रिकाम्या खोलीतील पंखा बंद करणे ही बचत होय. कारण पंखा खोली थंड करीत नाही, तो केवळ माणसाच्या अंगावरील घाम सुकवतो. परंतु बिलाच्या धास्तीने आजारी व्यक्तीचा पंखा बंद ठेवणे हा कोणत्याही लेखापरीक्षणाचा हेतू असू शकत नाही. घरात सर्वाधिक उष्णता कोणाला सोसावी लागते आणि ती व्यक्ती कोणत्या खोलीत झोपते, हे परीक्षकाला प्रारंभीच सांगावे. त्यामुळे सुधारणांचा पहिला क्रम त्याच खोलीला देता येईल.

सुधारणा केल्यानंतर पुढील वर्षीच्या त्याच दोन महिन्यांचे बिल जुन्या बिलाशेजारी ठेवून दररोजच्या सरासरी युनिटची तुलना करावी. परीक्षण कितपत यशस्वी झाले, हे त्या दोन आकड्यांवरून स्पष्ट होईल.